पिवळ्या पिनेचा संगणक

पाच अश्वशक्तीच्या पंपासाठी कोणी कर्ज मागायला आले, की आम्ही बँकेत आधी विचारायचो, ‘विहिरीला पाणी किती?’ पाणी दीड परसाचे असेल तर पाच अश्वशक्ती कशाला, हा साधा हिशेब. जुने व्हिडिओ गेम चालवणारा लहानसा संगणक जुळवण्याच्या नादी लागल्यापासून हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा आठवतो. दुकानात गेले की प्रोसेसर, रॅम, पंखा यांची यादी पुढे येते. विहिरीचे कोणी विचारत नाही.

या खटाटोपाला कारण माझी नऊ वर्षांची नात. ‘बाबा लहानपणी खेळायचे तो गेम’ तिला हवा आहे. यंत्र नाही, पण त्याची हुबेहूब नक्कल करणारे एम्युलेटर नावाचे प्रोग्राम आहेत. ते ज्या संगणकावर चालवायचे, तो निवडायचा, एवढेच काम. दिसायला एवढेच.

मूळ यंत्र किती गरीब होते ते पाहा. निन्टेन्डोचा ‘फॅमिकॉम’ १९८३ साली जपानात आला. त्याच्या प्रोसेसरचा वेग सेकंदाला सुमारे १८ लाख ठोके, कामाची स्मृती २ किलोबाइट. १९८५ सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा अख्खा खेळ ४० किलोबाइटमध्ये बसला. मोबाईलवर काढलेल्या एका फोटोच्या जागेत तसे पन्नासेक सहज मावतील. मग आजचा कोणताही संगणक पुरेसा नाही का? खेळापुरता आहे. पण नक्कल किती तंतोतंत हवी, यावर बिल वाढते. बायू या टोपणनावाने लिहिणाऱ्या प्रोग्रामरने २०११ साली मांडले होते, की याच कंपनीच्या पुढच्या, १९९० सालच्या यंत्राची ठोक्यास ठोका नक्कल करायची तर ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर लागतो. कारण मजेदार आहे. मूळ यंत्रात चित्राची, आवाजाची आणि हिशेबाची चिप एकाच वेळी आपापले काम करत. नकलेत एकट्याने सनईही वाजवायची, चौघडाही आणि सूरही धरायचा. क्षणाक्षणाला थांबून कोण पुढे गेले, कोण मागे राहिले हेही पाहायचे. म्हणून इथे प्रोसेसरमध्ये किती गाभे आहेत यापेक्षा एक गाभा किती वेगाने पळतो, हे महत्त्वाचे.

ज्याला २००० सालच्या प्लेस्टेशन २ पर्यंत यायचे आहे, त्याने इंटेल एन १०० बसवलेला छोटा पीसी घ्यावा. बरेच खेळ त्यावर निभावतात. माझी विहीर उथळ होती. तिला पत्त्यांच्या कॅटएवढा रास्पबेरी पाय बोर्ड पुरेसा. आता प्रश्न राहिला, २०१९ सालचा चौथा की २०२३ सालचा पाचवा? पाचवा वेगवान, म्हणून तोच घ्या, असे सगळे म्हणाले. मी जवळजवळ घेतलाही होता.

मधेच मुलगा सुट्टीला आला. त्याच्या लॅपटॉपवर एम्युलेटर लावून दिला. दोन मिनिटे खेळून तो म्हणाला, “अण्णा, हा आपला नाही. हा पळतोय.”

नव्वदच्या दशकात, तालुक्याच्या गावी माझी बदली असताना आमच्या घरात आलेले यंत्र फॅमिकॉमची नक्कल होती. देशभरच्या घरांत तशाच नकला होत्या. जपानी यंत्र सेकंदाला ६० चित्रे दाखवी. आपल्याकडचे टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० वाले. त्यांच्यासाठी बनवलेली नक्कलही ५० वर चाले. खेळाचे घड्याळ या चित्रांवरच चालत असल्याने जपानी मुलाचे एक मिनिट आमच्या मुलाला ७२ सेकंद पुरे. गाण्याचा सूर जवळपास तोच राही, लय मात्र संथ होई. मुलाच्या कानात तीच लय होती. एम्युलेटरच्या यादीत शोधले तेव्हा या चालीला नाव सापडले ‘डेंडी’. हे रशियात १९९२ साली विकायला आलेल्या अशाच नकली यंत्राचे नाव. आमच्या हॉलमधले बालपण रशियन नावाने नोंदलेले निघाले! गंमत वाटली, थोडे वाईटही.

मग सगळी निवड उलटी झाली. ५० ची चाल हवी, तर पडदाही ५० ची चित्रे घेणारा हवा. संगणकाचे पुष्कळ मॉनिटर ६० वरच अडून बसतात आणि चित्र गचके खाते. सपाट टीव्ही बहुधा घेतात, पण चित्र सुधारण्याच्या भानगडीत उशीर करतात; बटण दाबल्यावर मारिओ किंचित नंतर उडतो. (टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो, तो जरूर लावावा.) आमच्या माळ्यावर पिक्चर ट्यूबचा जुना संच आहे, आणि तो चालू आहे. त्याला हवी पिवळी पिन. पायच्या चौथ्या आवृत्तीत हेडफोनसारख्या खोबणीतून चित्राचा तो संकेत मिळतो. फक्त सेटिंगमध्ये जाऊन चालू करावा लागतो. पाचव्यात ती खोबणी काढून टाकली आहे; संकेत हवा तर बोर्डाला वायर डकवा. मी चौथा घेतला. केबल मात्र पाहून घ्यावी. दिसायला सारख्या असणाऱ्या केबलींत चित्र आणि अर्थ यांच्या जागा बदललेल्या असतात.

चार्जरही मोबाईलचा लावू नये. चौथ्याला ५ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात; कमी पडले की पडद्यावर विजेचे चिन्ह येते. आणि वीज अचानक गेली तर मेमरी कार्डावरची माहिती बिघडू शकते, हे आपल्याकडे सांगायलाच हवे.

पत्नीने सगळे ऐकून एकच विचारले, “बदके येतील का?” मुले झोपल्यावर ती बंदूक घेऊन ‘डक हंट’ खेळायची, तिचा नेम माझ्याहून चांगला. त्या बंदुकीतून काहीच सुटत नाही. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीतला डोळा तो उजेड टिपतो. ट्यूबच्या टीव्हीवर हे जमते. पण माझ्या बोर्डावर त्या बंदुकीची जागाच नाही, आणि मधे जोड घातला तरी संकेत पोचेपर्यंत तो चौकोन गेलेला असतो. बदकांसाठी मूळ यंत्रच हवे. बंदूक अजून माळ्यावर आहे. यंत्र मी भंगारवाल्याकडे आणि जुन्या बाजारात शोधतो आहे.