पडवीतील जावा

जुन्या वस्तूंच्या बाबतीत प्रत्येक घरात दोन पक्ष असतात. एक म्हणतो, ठेवा, कधीतरी उपयोगी पडेल. दुसरा म्हणतो, काढून टाका, जागा तरी मोकळी होईल. आमच्या घरी गेली तीस वर्षे पहिल्या पक्षात आमची आई एकटी होती आणि दुसऱ्या पक्षात आम्ही बाकीचे सर्व. वादाचा विषय होता मागील पडवीत गोणपाटाखाली उभी असलेली आप्पांची १९६८ सालची जावा मोटारसायकल. पावसाळ्यात तिला टेकून सरपण रचले जाई, उन्हाळ्यात एखादी कोंबडी तिच्या बैठकीवर अंडी घाली, आणि दर दिवाळीच्या सुमारास भंगारवाला येऊन तिचा भाव सांगून जाई. आई त्याला चहा देई आणि रिकाम्या हातांनी परत पाठवी.

आमचे वडील पशुवैद्यकीय खात्यात नोकरीस होते. खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग त्यांच्याकडे असे. जांबोटी, कणकुंबी आणि त्यांच्या आसपासच्या जंगलातील वाड्यावस्त्या, सह्याद्रीचा धुवांधार पाऊस आणि तांबड्या चिखलाचे रस्ते यांतून ही गाडी लसींची पेटी पाठीवर घेऊन चोवीस वर्षे हिंडली. १९९२ साली एके दिवशी त्यांनी ती पडवीत लावली. "इंजिन गेलं," एवढेच सांगितले आणि निवृत्तीपर्यंत ते बसने, आणि बस नसेल तेथे पायी हिंडले. आम्ही तेव्हा कोल्हापुरास एम.ए. करीत होतो. सुटीत घरी आलो असता, "गेलेलं इंजिन जपून काय करायचंय? भंगारात घाला," असे आम्ही काहीशा तोऱ्यातच त्यांना म्हणालो होतो. त्यांनी उत्तर दिले नाही. २०११ साली आप्पा गेले.

२०२४ च्या मे महिन्यात पडवीचे छप्पर बदलावयाचे ठरले आणि गाडी हलविणे भाग पडले. आमचा एक माजी विद्यार्थी बेळगावात दुचाकी दुरुस्तीचे काम करतो. त्यास बोलाविले. हेतू एवढाच की, भंगारवाल्याने फसवू नये. त्याने गोणपाट दूर केले, खाली बसून बराच वेळ गाडी न्याहाळली आणि म्हणाला, "सर, ही गाडी बिघडलेली नाही. ही ठेवलेली आहे."

त्या एका वाक्याने आमचे पुढचे वर्षभराचे रविवार ठरविले.

आमच्या पिढीस जावा ठाऊक आहे, पण तरुण वाचकांसाठी थोडे सांगणे इष्ट होईल. प्राग शहरातील यानेचेक नावाच्या शस्त्रनिर्मात्या कारखानदाराने १९२९ साली वाँडरर या जर्मन कंपनीकडून मोटारसायकलीचा आराखडा घेतला आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून 'जावा' हे नाव केले. इंडोनेशियातील बेटाशी त्याचा संबंध नाही. भारतात रुस्तम व फारुख इराणी यांनी म्हैसूरच्या यादवगिरीत 'आयडियल जावा' हा कारखाना उभा केला. १९६१ साली त्याचे उद्घाटन म्हैसूरचे तेव्हाचे राज्यपाल जयचामराज वडियार यांच्या हस्ते झाले. १९७३ च्या सुमारास गाडीचे नाव 'येझदी' झाले. इराण्यांचे मूळ स्थान यझ्द, त्यावरून हे नाव आले, असे सांगतात. चेक भाषेतही याच उच्चाराच्या शब्दाचा अर्थ 'गाडीने जातो' असा होतो. व्युत्पत्ती दोन असल्या तरी गाडी एकच! १९९६ साली कारखाना बंद पडला. अलीकडे, २०१८ साली जावा आणि २०२२ साली येझदी ही नावे नव्या गाड्यांवर पुन्हा आली. पण त्यांचे इंजिन सर्वस्वी निराळे आहे.

जुन्या जावाचे इंजिन २५० घन सेंटिमीटरचे, दोन फेऱ्यांचे, म्हणजे टू-स्ट्रोक. सिलिंडर एक, पण धूर बाहेर सोडणाऱ्या नळ्या दोन, म्हणून सायलेन्सरही दोन. त्यात झडपा नाहीत. वंगणासाठी वेगळी व्यवस्था नाही. पेट्रोलमध्येच तेल मिसळावयाचे, वीस-पंचवीस भागांस एक भाग. सर्वांत मौजेची वस्तू म्हणजे तिचा गिअरचा दांडा. तोच आत दाबून वर फिरविला की किक होतो. लहानपणी आप्पांनी ही युक्ती करून दाखविली तेव्हा ती आम्हांस जादूच वाटली होती.

आमची कार्यशाळा म्हणजे पडवीचा कोपरा, एक जुने टेबल, पान्यांचा एक संच आणि आईने दिलेल्या टवके उडालेल्या चार इनॅमलच्या ताटल्या. पहिल्याच दिवशी आम्ही उत्साहाने पाना हाती घेतला. तोच आमचा विद्यार्थी म्हणाला, "थांबा सर. खोलायच्या आधी लिहून ठेवायचं." कोणता नट कोठला, कोणती वायर कशास जोडलेली, हे सारे वहीत लिहावयाचे, प्रत्येक भागाचे छायाचित्र घ्यावयाचे आणि एका भागाचे नट एकाच ताटलीत ठेवावयाचे. शुद्धलेखनाच्या वहीवरून ज्यास आम्ही वर्गाबाहेर उभे केले होते, तो आता आमची वही तपासत होता. त्याने आम्हांस वर्गाबाहेर काढले नाही, ही त्याची कृपा.

आणि मग एकेक गोष्ट उलगडू लागली. टाकी कोरडी होती. पेट्रोलचा नळ बंद होता. कारब्युरेटर सोडविला तेव्हा त्याच्या तोंडात स्वच्छ कापडाचा बोळा नीट दाबून बसविलेला आढळला. वाळवी किंवा कुंभारीण माशी आत शिरू नये म्हणून. दोन्ही सायलेन्सरांची टोके मेणकापडाने बांधलेली होती. चाके जमिनीस टेकू नयेत म्हणून खाली फणसाच्या लाकडाचे ठोकळे होते. प्लग काढून आत बॅटरीचा प्रकाश टाकला, तर पिस्टनवर काळसर डिंकासारखा थर दिसला. विद्यार्थ्याने तो काडीने खरवडून बोटांत चोळला, वास घेतला आणि म्हणाला, "तेल. मुद्दाम ओतलंय. गंज चढू नये म्हणून."

पिस्टन अडकला होता खरा, पण गंजाने नव्हे, त्याच वाळलेल्या तेलाने. अशा वेळी किकवर जोर लावणे हा मोठा अपराध होय. त्याने दातेरी चाके तुटतात. आम्ही प्लगच्या भोकातून डिझेल आणि पातळ तेल यांचे मिश्रण ओतले आणि वाट पाहिली. दुसऱ्या रविवारी गाडी गिअरमध्ये घालून मागील चाक हलकेच मागेपुढे केले. प्रथम काही नाही. मग केसभर हालचाल. तासाभरात पिस्टन सुटला.

सिलिंडरचा ओतीव लोखंडाचा ब्लॉक घेऊन आम्ही बेळगावच्या उद्यमबागेत गेलो. ओतकाम आणि यंत्रकाम यांसाठी ही वसाहत दूरवर प्रसिद्ध आहे, आणि आपल्या गावात असा हात असणे ही जुन्या यंत्राच्या मालकास केवढी सोय आहे, हे आम्हांस तेव्हा कळले. ब्लॉकचा व्यास मूळचा ६५ मिलिमीटर. झीज फार झाली असेल तर तो मोठा कातून घ्यावा लागतो, यास रीबोअर म्हणतात, आणि मग मोठ्या मापाचा पिस्टन बसवावा लागतो. तेथील कारागिराने आतून तीन ठिकाणी माप घेतले आणि ब्लॉक परत आमच्या हाती दिला. "हा कातू नका. उगाच लोखंड जाईल. नुसता घासून घ्या, नव्या रिंगा टाका. इंजिन चांगलं आहे."

इंजिन चांगले होते. म्हणजे १९९२ सालीही ते चांगलेच होते.

घरी येऊन आम्ही आईस विचारले. ती तांदूळ निवडीत होती. मान वर न करता म्हणाली, "इंजिन कुठलं जातंय? तुझी खानावळ होती, खोलीचं भाडं होतं. पेट्रोल भरायचं की तुला मनीऑर्डर करायची? म्हणाले, थोडे दिवस ठेवूया. मग तुझी नोकरी लागेस्तवर तो कारखाना बंद पडला, त्यांचे गुडघे गेले. राहिलं ते राहिलंच." क्षणभर थांबून ती पुढे म्हणाली, "तू भंगारात घाला म्हणालास, तवा मी सांगणार होते. त्यांनी नको म्हटलं."

आमचे शिक्षण जुन्या ग्रंथांच्या पाठचिकित्सेचे. हस्तलिखितातील एखादी खाडाखोड लेखकाचे मन सांगून जाते, हे आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आणि सांगत आलो. परंतु स्वतःच्या पडवीत उभे असलेले हस्तलिखित वाचावयास आम्हांस बत्तीस वर्षे लागली. तो कापडाचा बोळा, ते ठोकळे, ते तेल ही सगळी परत येऊ इच्छिणाऱ्या माणसाची अक्षरे होती.

त्यानंतर कामाचा हेतू बदलला, पण काम तेवढेच कठीण राहिले. क्रँकच्या दोन्ही बाजूंस असलेली रबरी सीले वाळून दगड झाली होती. टू-स्ट्रोक इंजिनात यांचे महत्त्व फार. ती गळू लागली की पेट्रोलवायूचे प्रमाण बिघडते आणि गाडी काही केल्या सुरू होत नाही. एका विक्रेत्याने दिलेली सीले आठवड्यात मऊ पडली, म्हणून दुसरी आणावी लागली. क्लचच्या पट्ट्यांतील बूच एकमेकांस चिकटले होते. नव्या पट्ट्या बसविण्यापूर्वी रात्रभर तेलात भिजत ठेवाव्या लागतात, हे न कळल्यामुळे आमचा एक रविवार वाया गेला. ६ व्होल्टची सारी वायरिंग उंदरांनी फस्त केली होती. डायनॅमोजवळील पॉइंटची फट ०.४ मिलिमीटर ठेवावयाची, आणि पिस्टन माथ्यावर पोचण्याच्या किंचित आधी ठिणगी पडली पाहिजे. हे जुळविण्यात आमचा चष्मा, विद्यार्थ्याचा कान आणि दोन संध्याकाळी खर्ची पडल्या. टाकीतील गंज काढण्यासाठी आत मूठभर नट टाकून ती हलवावयाची, पाण्याने धुवावयाची आणि लगेच वाळवावयाची. हे काम नातवंडांनी वाद्यवादन समजून आनंदाने केले.

खरा प्रश्न पुढेच होता. एका परिचित शौकिनांनी सल्ला दिला की, गाडीस नवा डाळिंबी रंग द्यावा, सर्वत्र क्रोम चढवावा आणि मागील वेडाविद्रा लोखंडी कॅरिअर कापून टाकावा. कारण तो कारखान्याचा नव्हे. ते म्हणाले ते खरे होते. तो कॅरिअर आप्पांनी खानापुरात जोडून घेतला होता, लसींची बर्फाची पेटी हलू नये म्हणून. कारखान्यातून गाडी निघाली त्या दिवसाचे रूप मूळ मानावे, की तिने जगलेल्या आयुष्याचे? मंदिराच्या जीर्णोद्धारातही हाच वाद असतो. आम्ही निर्णय असा केला: जे चालण्यास आणि थांबण्यास आवश्यक ते सारे नवे, म्हणजे टायर, ब्रेकचे लायनर, केबली, सीले, वायरी. जे केवळ दिसण्याचे, ते धुऊनपुसून, तेलाचा हात देऊन जसेच्या तसे. कॅरिअर राहिला. ज्यांना आपली गाडी नव्या नवरीसारखी हवी असेल त्यांस आमचा विरोध नाही. पण रंग देण्यापूर्वी जुन्या रंगाखाली कोणाचे काय आहे, हे एकदा घरात विचारावे.

कागदपत्रांविषयीही दोन शब्द. खाजगी वाहनाची नोंदणी प्रथम १५ वर्षांची असते, पुढे तपासणी करून दर ५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. मालक निवर्तला असेल तर आधी वारसाच्या नावे हस्तांतर करावे लागते. ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली 'व्हिंटेज' नोंदणीचे वेगळे नियम केले. तिचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. परंतु असे वाहन नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, फेरी अशा प्रसंगीच आणता येते. आम्ही साधी नोंदणीच पत्करली. चोवीस वर्षे कामावर गेलेल्या गाडीस प्रदर्शनात बसविणे आम्हांस रुचेना.

गेल्या वर्षी आषाढाच्या आधीच्या रविवारी सारे जुळून आले. दांडा आत दाबला, वर फिरविला आणि किक मारली. सातव्या किकेस एक खोकला, अकराव्या किकेस निळा धूर, आणि मग तो ओळखीचा, ठेक्यात पडणारा आवाज. शेजारची मंडळी गोळा झाली. आम्ही आईकडे पाहिले. ती उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "डावा सायलेन्सर जास्त वाजतोय. त्यांचा असा नव्हता."

विद्यार्थ्याने इंजिन बंद करून पाहिले. डाव्या सायलेन्सरातील जाळी बसवावयाची राहून गेली होती. ती धुऊन आमच्याच टेबलावर, आमच्याच ताटलीत पडली होती.

आता गाडी दर रविवारी जांबोटीच्या रस्त्याने थोडी हिंडून येते. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. ते पाणी ओढून घेते आणि जुन्या रबरास मानवत नाही. म्हणून नळ्या आणि सीले त्यास टिकणारी निवडली आहेत, आणि पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहावयाची असेल तर आम्ही टाकी रिकामी करतो, नळ बंद करतो, सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडतो, कारब्युरेटरच्या तोंडात स्वच्छ कापडाचा बोळा बसवितो आणि चाकांखाली ठोकळे देतो. हे आम्ही कोणत्याही पुस्तकात वाचले नाही. ठोकळे अजून तेच आहेत, फणसाचे.