विश्लेषण : घरी गाणी ऐकण्यासाठी ‘ओपन-बॅक’ हेडफोन घ्यावेत का?

ओपन-बॅक हेडफोनमध्ये गाणे डोक्यात कोंडल्यासारखे न वाटता मोकळे वाटते. मात्र खरेदीआधी किमतीइतकाच घराचाही विचार करावा लागतो.

वेगळेपण काय?
या हेडफोनच्या कपांना बाहेरून जाळी असते. आवाज मागूनही मोकळा सुटतो, त्यामुळे गायक आणि वाद्ये सुटी-सुटी ऐकू येतात. कानही कमी तापतात. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने १९६८ मध्ये ‘एचडी ४१४’ बाजारात आणला आणि हा प्रकार घराघरांत पोहोचला. खोल, घुमणारा बास हवा असणाऱ्यांची मात्र निराशा होऊ शकते.

मोबाइलवर चालतील?
खोक्यावरचा ‘ओम’चा आकडा पाहा. सेनहायझरचा ‘एचडी ६००’ ३०० ओमचा आहे. फोनवर त्याचा आवाज कमी पडू शकतो. फिलिप्सचा ‘एसएचपी ९५००’ ३२ ओमचा असल्याने वेगळ्या ॲम्प्लिफायरचा खर्च सहसा वाचतो. फोनला हेडफोनची पिन लावायची जागा नसेल, तर डोंगलचे पैसे हिशेबात धरा.

कोणी टाळावेत?
यात आतला आवाज बाहेर जातो आणि बाहेरचा आत येतो. शेजारी कोणी झोपले असेल तर त्याची झोपमोड होते. पंखा, टीव्ही, रहदारी यांवर मात करायला आवाज वाढवला, तर धोका कानांना. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही सुरक्षित मर्यादा आहे. ९० डेसिबलला ती अवघ्या चार तासांवर येते.

त्यामुळे घरात शांत कोपरा असेल तरच ओपन-बॅक घ्या. नसेल तर बंद कपांचे हेडफोनच बरे.