पडता पडता मागे फिरणारा अणू

अतिप्रवाही द्रवातून सावकाश जाणाऱ्या वस्तूला घर्षण जाणवत नाही. पण द्रव एकाच रेषेत कोंडला तर? ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक विद्यापीठात हान्स-क्रिस्टोफ नेगर्ल यांच्या गटाने लेझरने घडवलेल्या उभ्या नळ्यांत सीझियमचे अतिशीत अणू कोंडून चुंबकीय बळाने अधांतरी तोलले. मग मोजक्या अणूंची स्पिन-अवस्था बदलली. त्यांचा तोल सुटला, ते खाली निघाले. बाजूने निसटायला जागा नाहीच! एकमेकांना रेटत अंतर राखणारे शेजारी स्फटिकासारखे वागतात. संवेग ठरावीक मर्यादेला पोचताच हा उपरा अणू उलट फिरतो, पुन्हा पडू लागतो. असे हेलकावे एरवी स्फटिकाच्या जाळीत अपेक्षित. इथे जाळी नव्हतीच, हीच खरी गंमत. शोधनिबंध २०१७ साली ‘सायन्स’मध्ये आला.