मक्याच्या मुलखात संसार

परदेशात थाटलेला संसार स्थिरावला केव्हा, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ लोक कायम नेमणूक, घराचा भाडेपट्टा किंवा मुलांच्या शाळेचा दाखला यांवरून देतात. मेक्सिको सिटीतील आमच्या कुटुंबापुरते मी म्हणेन की, नार्वार्ते वस्तीतल्या आठवडी बाजारात ज्या दिवशी भाजीवाल्या बाईंनी टोमॅटो तोलून झाल्यावर मूठभर कोथिंबीर आपण होऊन पिशवीत टाकली आणि मुलांच्या हाती चाखायला पेरूची फोड दिली, त्या दिवशी आमचा संसार तेथे स्थिरावला.

इतर माहिती थोडक्यात सांगते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 2,240 मीटर उंचीवर असल्यामुळे प्रेशर कुकरवाचून डाळ शिजणे कठीण. वास्तव्याच्या परवान्यासाठी सर्व दाखल्यांची रीतसर मोहोर उठवलेली भाषांतरे लागतात. आणि 1985 व 2017 या दोन्ही साली 19 सप्टेंबरलाच भीषण भूकंप झाल्यामुळे मुलांकडून पाढ्यांइतक्याच निष्ठेने भोंगा वाजताच बाहेर पडण्याचा सराव करून घेतला जातो. दिवसाचे मुख्य जेवण दुपारी दोननंतर होते, आणि जेवणाऱ्याच्या जवळून जाणारा अनोळखी इसमही ‘प्रोवेचो’ म्हणून शुभेच्छा दिल्यावाचून पुढे जात नाही. ही रीत मला फार सुसंस्कृत वाटते.

‘तियांगीस’ म्हणजे रस्त्यावर भरणारा हा आठवडी बाजार स्पॅनिश सत्तेहून जुना आहे. येथली जुनी राजधानी तेनोच्तित्लान 1521 साली पाडण्यापूर्वी स्पॅनिश सेनानी एर्नान कोर्तेसने आपल्या राजाला धाडलेल्या पत्रात तेथील बाजारात रोज 60,000 माणसे खरेदीविक्रीस जमतात, असे लिहिले होते. आपल्या स्वयंपाकघरातील मिरची, टोमॅटो, पेरू, पपई आणि सीताफळ ही सारी मूळची अमेरिका खंडातली. घोलवडच्या बागांत लगडणारा चिकू तर याच भागातला, आणि त्याच्या खोडाच्या चिकापासून पूर्वी च्युइंगम बनत असे, हे कळल्यापासून आमची मुले चिकूकडे विलक्षण आदराने पाहतात.

परंतु माझे खरे प्रेम मक्यावर. पांढरा, पिवळा, तांबडा आणि शाईसारखा निळा असा मका येथे मिळतो, आणि तो कोरडा दळून त्याची भाकरी थापण्याची आपली रीत येथल्या सुगृहिणीला अपुरी वाटते. दाणे चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसेच ठेवायचे, सकाळी चोळून धुवायचे आणि ओलेच वाटायचे. पूर्वी हे काम ज्वालामुखीच्या काळ्या दगडाच्या तीन पायांच्या पाट्यावर होत असे, आता वस्तीतल्या गिरणीत होते. चुन्यामुळे टरफल सुटते, पिठाला चिकटपणा येतो, आणि मुख्य म्हणजे मक्यात बद्ध असलेले नियासिन शरीराला लाभते. युरोपाने मका नेला, ही प्रक्रिया मात्र नेली नाही. परिणामी केवळ मक्यावर गुजराण करणाऱ्या तेथील गरिबांत पेलाग्रा रोग पसरला. एका निरक्षर आजीच्या हातातील चुन्याच्या चिमटीत केवढे शास्त्र सामावलेले असते, याचा याहून सबळ पुरावा मला ठाऊक नाही. दुपारी गिरणीशेजारच्या तोर्तियाच्या दुकानापुढे रांग लागते, भट्टीतून उतरलेल्या चकत्या किलोच्या भावाने कागदात बांधून मिळतात, आणि घरी पोचेपर्यंत त्यांतल्या दोनचार मुलांच्या पोटात गेलेल्या असतात.

मक्याचा विषय निघाल्यावर पांडुरंग खानखोजे यांचे स्मरण न करणे मला अशक्य आहे. वर्ध्यात जन्मलेला, गदर चळवळीत भाग घेतलेला, इराण आणि बर्लिनपर्यंत वणवण केलेला हा क्रांतिकारक 1924 च्या सुमारास मेक्सिकोत आला, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात अध्यापक झाला, त्याने मक्याच्या संकरावर संशोधन केले आणि शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा चालवल्या. तीना मोदोत्तीने त्यांची छायाचित्रे काढली. दिएगो रिव्हेराने शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर भाकरी वाटून देणाऱ्या पुरुषाच्या रूपात त्यांना चितारले. ते चित्र आम्ही मुलांना मुद्दाम नेऊन दाखवले, आणि परदेशस्थ मराठी माणसाने आपल्या मुलांपुढे कोणता आदर्श ठेवावा, या प्रश्नाचा माझ्यापुरता निकाल तेथेच लागला. स्वातंत्र्यानंतर ते मायदेशी परतले आणि 1967 साली नागपुरात निवर्तले. आमच्याकडे त्यांचे नाव जाणणारे इतके थोडे असावेत, याची खंत मला वाटते.

ऑक्टोबर संपू लागला की हामाइकाच्या फुलबाजारात झेंडूच्या राशी पडतात. दसऱ्याला आपण दारावर बांधतो तो झेंडूही मूळचा इथलाच. 1 आणि 2 नोव्हेंबरला घरोघर मृतांसाठी वेदी मांडतात. तिच्यावर पाणी, मीठ, गोड पाव, साखरेच्या कवट्या, मृताचे छायाचित्र आणि त्याच्या आवडीचा पदार्थ. कित्येकदा आपली दिवाळी याच दिवसांच्या मागेपुढे येते, आणि पणत्या व झेंडू एकाच पिशवीतून घरी येतात. शेजारच्या बाईंच्या आग्रहावरून आम्हीही वेदी मांडू लागलो. सासूबाईंच्या आवडीची ज्वारीची भाकरी ठेवावी, तर ज्वारी या देशात अमाप पिकूनही बहुतेक गुरांच्या खाद्यात जाते. तेव्हा निळ्या मक्याच्या ओल्या पिठाची भाकरी हाताने थापून ठेवली. पितृपक्षात नुसती ऐकलेली पणजोबांची नावे मुलांना खऱ्या अर्थाने पाठ झाली, ती या वेदीमुळे. यंदा खानखोजे यांचेही छायाचित्र तिच्यावर ठेवायचे ठरले आहे. त्यापुढे काय वाढावे, याविषयी घरात एकमत नाही: यजमानांचा आग्रह वर्ध्याकडच्या झणझणीत झुणक्याचा आहे, आणि माझा कौल मक्याच्या कणसाला.