चाळीस पिनांकडून सात पिनांकडे

इंटेलने एप्रिल २००३मध्ये ८७५पी आणि पुढच्याच महिन्यात ८६५ हे चिपसेट बाजारात आणले. त्यांच्यावर बांधलेल्या मदरबोर्डांवर हार्ड डिस्क जोडण्याच्या दोन पिढ्या शेजारी शेजारी नांदत होत्या. एकीकडे चाळीस पिनांचे दोन लांबट आयडीई कनेक्टर, दुसरीकडे सात संपर्कांचे, दीडएक सेंटिमीटर रुंदीचे दोन ‘साटा’ कनेक्टर. घरासाठी संगणक घेणाऱ्या कुणीही हे नवे मानक मागितले नव्हते. ते बोर्डासोबत आले, आणि तीन-चार वर्षांत जुने मानक इंटेलच्या डेस्कटॉप चिपसेटमधून पुरते हद्दपार झाले.

हे स्थलांतर सहसा वेगाच्या आकड्यांनी सांगितले जाते. पण २००३ साली साटा घेणाऱ्याला जास्तीचा वेग जवळजवळ मिळालाच नाही. तरीही हे मानक रुजले. ते कशामुळे, आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे समजून घेण्यासारखे आहे. जुन्याला किती सांभाळून घेतले यावर नव्याचा स्वीकार ठरतो, आणि हे सांभाळण्याचे काम घराघरांत अजून अर्धवट राहिले आहे.

पट्टी केबलचे राज्य

पुढे सीगेट या नावाने ओळखल्या गेलेल्या शुगार्ट टेक्नॉलॉजीने १९८० साली एसटी-५०६ ही ५ मेगाबाइटची डिस्क आणली. छोट्या संगणकांसाठी तिने जोडणीची एक पद्धत पाडून दिली: डिस्क वेगळी, तिला चालवणारे कंट्रोलर कार्ड वेगळे आणि दोघांमध्ये दोन केबली. डिस्कची प्रत्येक हालचाल कार्डाला सांभाळावी लागे. १९८०च्या दशकाच्या मध्यावर कॉम्पॅक, वेस्टर्न डिजिटल आणि कंट्रोल डेटा यांनी मिळून कंट्रोलर थेट डिस्कच्याच सर्किटवर बसवला. हीच आयडीई. आयबीएमच्या १९८४च्या पीसी/एटी यंत्राच्या बसला ती जोडली जाई, म्हणून मानकाचे नाव एटी अटॅचमेंट, म्हणजे एटीए असे पडले. १९९४ साली त्याला अमेरिकेच्या राष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

या जोडणीने आपल्याकडच्या असेंबल्ड पीसीचीही दोन दशके घडवली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन यंत्र जुळवणाऱ्याला करडी, चपटी पट्टी केबल आणि तिच्या कडेची लाल रेघ डोळे मिटूनही ओळखता येई. एका केबलवर दोन उपकरणे. कोणते मास्टर आणि कोणते स्लेव्ह, हे डिस्कच्या पाठीमागचा इवलासा जम्पर हलवून ठरवायचे. दोन्ही मास्टर राहिली की बायोसला डिस्क दिसायची नाही आणि कॅबिनेट पुन्हा उघडावे लागायचे.

समांतर वाट का अडली

एटीए केबलीतून एका वेळी सोळा बिट सोळा तारांवरून समांतर धावत. वेग वाढवायचा तर प्रत्येक फेरी लवकर उरकायला हवी. सोळा जणांच्या लेझीम पथकात ठेका द्रुत होत गेला की एखाद्याचा हात क्षणभर मागे राहतो आणि सगळा ताल विस्कटतो. इथेही तेच घडत होते. तारांची लांबी आणि गुणधर्म यांतल्या किरकोळ फरकांमुळे काही बिट उशिरा पोहोचत, आणि शेजारच्या तारांतल्या संकेतांची एकमेकांत गळती होई. सेकंदाला ६६ मेगाबाइटच्या टप्प्यावर अभियंत्यांनी तारा चाळीसवरून ऐंशी केल्या. वाढीव चाळीस तारांतून माहिती जात नसे. त्या केवळ अर्थिंगच्या होत्या आणि मधल्या आडोशाचे काम करत. केबलीची लांबी ४६ सेंटिमीटरवर अडकून राहिली.

दुसरी अडचण चिपच्या आत होती. चिपमधले ट्रान्झिस्टर लहान होत होते, त्यांचे व्होल्टेज उतरत होते, आणि एटीए मात्र ५ व्होल्टच्या जुन्या संकेतांशी जुळवून घेण्याचा आग्रह धरून बसले होते. एकेका केबलीसाठी चिपच्या वीस-पंचवीस पिना अडवून ठेवणेही महाग पडू लागले. घरी बसलेल्या ग्राहकाला यातले काहीच जाणवत नव्हते. नव्या मानकाची गरज आधी चिप आणि बोर्ड बनवणाऱ्यांना भासली.

सात कंपन्यांचा आराखडा

फेब्रुवारी २००० मध्ये इंटेल, डेल, आयबीएम, सीगेट, मॅक्सटर, क्वांटम आणि एपीटी टेक्नॉलॉजीज या सात कंपन्या सिरियल एटीएसाठी, म्हणजेच साटासाठी, एकत्र आल्या. पहिला आराखडा ऑगस्ट २००१मध्ये प्रसिद्ध झाला. नव्या केबलीत सातच संपर्क होते: तीन अर्थिंगचे, आणि चार संकेतांचे. त्या चारांची एक जोडी जाण्यासाठी, एक येण्यासाठी. जोडीतल्या दोन तारांवर एकमेकांविरुद्ध संकेत जातात आणि समोरचे टोक फक्त त्यांच्यातला फरक वाचते. बाहेरून येणारा विद्युत गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो, म्हणून फरक काढताना तो वजा होतो. त्यामुळे अर्ध्या व्होल्टच्या आसपासचा संकेतही पुरतो आणि केबल एक मीटरपर्यंत लांब चालते.

एकाच जोडीवरून सेकंदाला दीड अब्ज बिट जातात. ठेका देणारी वेगळी तार नाही. येणाऱ्या बिटांच्या चढउतारांतूनच समोरची चिप ठेका ओळखते. हे चढउतार पुरेसे यावेत म्हणून दर आठ बिट दहा बिटांच्या रूपात पाठवले जातात. त्यामुळे दीड अब्ज बिटांतून हाती येतात ते १५० मेगाबाइट. त्याच सुमारास मॅक्सटरने जुन्या समांतर जोडणीला १३३ मेगाबाइटपर्यंत नेले होते. कागदावरचा फरक एवढाच. आणि फिरत्या तबकड्यांच्या घरगुती डिस्क तेव्हा सलग वाचताना पन्नास-साठ मेगाबाइटच्या आसपासच होत्या, म्हणजे दोन्ही मर्यादांच्या कितीतरी खाली.

तार नवी, भाषा जुनी

मग साटा रुजले कसे? आराखडा करणाऱ्यांनी तार बदलली, पण आज्ञांची भाषा राखली. जुन्या एटीएमध्ये संगणक ठरावीक रजिस्टरांत आकडे लिहून डिस्कला काम सांगे. साटाच्या कंट्रोलरने त्या रजिस्टरांची हुबेहूब प्रतिकृती समोर ठेवली. आत सगळे पुडक्यांत बांधून एका जोडीवरून जात होते, पण ऑपरेटिंग सिस्टिमला नेहमीची आयडीई डिस्कच दिसत होती. इंटेलच्या आयसीएच५ या चिपमध्ये तर साटाच्या जागा जुन्या आयडीईच्या जागांवर बसवून दाखवायची सोय बायोसमध्येच दिली होती, म्हणून विंडोज ९८ चालवणाऱ्यालाही नवी डिस्क वापरता आली.

डिस्क बनवणाऱ्यांनीही असाच पूल बांधला. वेस्टर्न डिजिटलची २००३ची रॅप्टर ही ३६ गिगाबाइटची, मिनिटाला १०,००० फेऱ्यांची डिस्क साटाची म्हणून गाजली. पण तिच्या सर्किटवर समांतर संकेतांचे सिरियलमध्ये रूपांतर करणारी एक पूल-चिप बसवली होती. ज्यांच्या बोर्डावर साटा नव्हते त्यांनी पीसीआय कार्ड घेतले, आणि त्या बसची स्वतःची मर्यादाच १३३ मेगाबाइटची होती. या तडजोडींनी वेग दिला नाही, पण बाजाराला श्वास घ्यायला वेळ दिला.

जोडणाऱ्यांनी मोजलेली किंमत

या काळाचा भार दुकानातल्या आणि घरोघर जाणाऱ्या तंत्रज्ञांनी उचलला. विंडोज एक्सपी ऑक्टोबर २००१मध्ये आले, साटाच्या पहिल्या आराखड्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी. वेगळ्या कंपनीच्या साटा चिपचे ड्रायव्हर त्यात नव्हते. फॉर्मॅट मारून विंडोज टाकताना सुरुवातीलाच एफ६ दाबायचे आणि ड्रायव्हर फ्लॉपीवरून द्यायचा. नव्या जोडणीची डिस्क ओळखवण्यासाठी, बाजारातून निघून चाललेला फ्लॉपी ड्राइव्ह लागे!

यांत्रिक तक्रारीही होत्या. पहिल्या केबलींना खटका नव्हता. कॅबिनेट हलवले की त्या सैल होत. डिस्कवरची प्लास्टिकची एल आकाराची जीभ जोर लागला की तुटे. सेकंदाला तीन अब्ज बिटांच्या डिस्क आल्या तेव्हा व्हीआयएच्या व्हीटी८२३७ चिपला त्यांच्याशी वेग जुळवता येईना, आणि डिस्कवर जम्पर लावून तिला जुन्या वेगावर आणावे लागे. ज्या जम्परपासून सुटका व्हायची, तो असा मागच्या दाराने परत आला.

२००४मध्ये एएचसीआय ही साटासाठी मुळापासून आखलेली पद्धत आली. तिच्यामुळे डिस्ककडे आलेली कामे सोयीच्या क्रमाने लावता येतात आणि वाचणाऱ्या हेडची ये-जा वाचते. पण आयडीई पद्धतीत टाकलेल्या एक्सपीच्या यंत्रावर ड्रायव्हरविना बायोसमधली ही एक ओळ बदलली, की सुरू होतानाच निळा पडदा. २००७च्या व्हिस्टात हा ड्रायव्हर मुळातच आला आणि एफ६ची कसरत हळूहळू थांबली.

जुन्याचा निरोप इंटेलच्या चिपांत स्पष्ट वाचता येतो. आयसीएच५मध्ये समांतर जोडणीचे दोन मार्ग, २००४च्या आयसीएच६मध्ये एक, २००६च्या आयसीएच८मध्ये शून्य. घरोघरचे सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह मात्र तेव्हाही आयडीईचेच होते. म्हणून बोर्ड बनवणाऱ्यांनी जेमायक्रॉनसारख्या कंपन्यांची वेगळी चिप लावून एक आयडीई कनेक्टर पदरचा दिला. या बदलाच्या ओघात मूळ सातांपैकी चार डिस्क-कंपन्यांत एकटी सीगेट त्या व्यवसायात उरली: क्वांटमचा डिस्क-विभाग २००१मध्ये मॅक्सटरकडे, आयबीएमचा हिताचीकडे, आणि २००६मध्ये मॅक्सटर स्वतः सीगेटकडे गेली.

वेगाचे चीज व्हायला आणखी वेळ लागला. २००९मध्ये साटा सेकंदाला सहा अब्ज बिटांवर गेले आणि ती रुंद वाट एसएसडीने भरून काढली. जुन्या लॅपटॉपमधली फिरती डिस्क काढून साटाची एसएसडी लावली की यंत्राला नवे आयुष्य मिळे, कारण कनेक्टर तोच होता. पुढे साटाही अपुरे पडले, एनव्हीएमई ही नवी पद्धत आली, आणि विंडोज ७ टाकताना तिचा ड्रायव्हर नाही म्हणून पुन्हा तीच अडवणूक झाली.

कपाटातल्या डिस्कांचे काय

या इतिहासाशी मराठीचा थेट संबंध आहे. १९९०च्या दशकात आणि त्यानंतरची काही वर्षे आपली पुस्तके, नियतकालिके आणि दिवाळी अंक आयडीई डिस्कच्या संगणकांवर जुळत होते: पेजमेकरमध्ये, श्रीलिपी, आकृती किंवा सीडॅकच्या आयएसएमच्या अक्षरांत. या प्रणालींचे अक्षरसंकेत वेगवेगळे आणि युनिकोडशी न जुळणारे. म्हणजे ती फाइल आज वाचायला दोन दारे उघडावी लागतात: आधी चाळीस पिनांचे, मग अक्षरसंकेताचे. प्रकाशकाच्या माळ्यावर, डीटीपी चालकाच्या कपाटात, संस्थेच्या जुन्या पीसीत अशा डिस्क पडून आहेत. मराठीच्या किती लेखनाची संगणकीय प्रत फक्त तिथेच असेल, याची काळजी आपण करायला हवी.

काम अवघड नाही, वेळेचे मात्र आहे. आयडीई डिस्क यूएसबीला जोडणारे अडॅप्टर आजही मिळतात. साडेतीन इंची डिस्कला वेगळा १२ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि जम्पर मास्टरवर ठेवावा. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कला ४४ पिना असतात, वीज त्यातूनच जाते. डिस्क फिरली की फोल्डर उघडून बघत बसू नये. आधी संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा घ्यावी. बॅड सेक्टर असतील तर त्यासाठी डीडीरेस्क्यूसारखी मोफत साधने आहेत. पुढचे सगळे काम त्या प्रतिमेवर करावे. मूळ फाइल, तिचा फॉन्ट आणि युनिकोडमधले रूपांतर तिन्ही जपावीत, कारण रूपांतरात जोडाक्षरे चुकतात आणि पडताळायला मूळच लागते.

साटा आखणाऱ्यांनी जुन्या सॉफ्टवेअरची जबाबदारी घेतली, म्हणून आपल्याला पुढे जाता आले. माहितीची जबाबदारी त्यांची नव्हती, ती आपली आहे. अडॅप्टर मिळतात, जुने फॉन्ट ओळखणारी माणसे अजून कामावर आहेत, डिस्क बऱ्याचदा अजून फिरते. या तिन्ही गोष्टी एकत्र असण्याचा काळ फार लांबणार नाही. प्रत्येक प्रकाशनसंस्थेने, ग्रंथालयाने आणि लिहित्या घराने या वर्षी आपल्या जुन्या डिस्कांची यादी करावी आणि एकेक करून त्या वाचून घ्याव्यात.