वाकायचं, पण मापात

जानेफळात सोयाबीनची सोंगणी ऐन भरात आली, की कंबर धरलेली माणसं घरोघरी दिसतात. कुणी पट्टा आवळतं, कुणी मेडिकलमधून गोळी आणतं, कुणी पायाळू माणूस गाठून उसण काढून घेतं. उसण तशीही चार-आठ दिवसांत जातेच, श्रेय पायाळूला. तीन महिने उलटूनही कंबर सोडत नसेल, तर मात्र दुखणं जुनाट. माझं तसंच झालं, आणि फिजिओथेरपीवाल्या ताईंनी मला घरच्याच सतरंजीवर ओणवं केलं.

तळहात खांद्यांखाली, गुडघे कमरेखाली. उजवा हात पुढे, डावा पाय मागे ताणायचा. बघणाऱ्याला पोरखेळ वाटतो. पाच मोजेपर्यंत मांडी थरथरते, कंबर एका अंगाला कलते आणि श्वास कोंडतो. ताई माकडहाडाच्या वर हात टेकवून एवढंच म्हणतात, "मोठ्यानं मोजा." मोजताना श्वास कोंडून धरता येत नाही, ही त्यातली खुबी.

शेजारच्या काकू दारातून बघत होत्या. "दिवसभर वावरात वाकतोच ना बाप्पा, मंग व्यायाम कायले?"

प्रश्न बिनतोड. ताई म्हणाल्या, "वावरात किती वाकायचं ते पीक ठरवतं काकू, इथं आपण ठरवतो." आज पाच वेळा, रात्री दुखणं वाढलं नाही, तर पुढच्या आठवड्यात सात. दुखलं म्हणजे आत काही तुटलं असं नाही, हे कमरेला असंच हळूहळू पटवावं लागतं. पाय लुळा पडला, लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र सतरंजी गुंडाळून तडक दवाखाना.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 साली जुनाट कंबरदुखीसाठी व्यायामाची शिफारस केली. पट्टा आणि वजन लावून कंबर ताणणं सरसकट देऊ नये, असंही सांगितलं. व्यायाम म्हणजे जादू नव्हे. 249 चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2021 च्या आढाव्यात, उपचार न घेणाऱ्यांच्या किंवा नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत दुखणं शंभरात सरासरी पंधरा गुणांनी उतरलं. ज्याला रात्री कुशीवर वळता येत नाही, त्याला विचारा पंधरा गुण म्हणजे काय ते.

ऑस्ट्रेलियात तर एका चाचणीत दुखण्यातून उठलेल्यांना नेमानं चालायला लावलं, जोडीला थोडी समजूत दिली. एरवी निम्म्या लोकांची कंबर 112 दिवसांत पुन्हा धरायची, चालणाऱ्यांना 208 दिवस मिळाले. काकूंना हे पटलं. ओणवं व्हायला त्या अजून तयार नाहीत, पण सकाळी मेहकरच्या रस्त्यानं माझ्यासोबत चालतात, पट्टा बांधूनच.