पुण्यातली क्लोजर परिषद म्हणजे काय? केडगावच्या एका अब्बांचा प्रश्न आणि त्याचं उत्तर

केडगाव : आमच्या गल्लीतला एक मुलगा नगरच्या कॉलेजात बीसीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा मगरिबनंतर मशिदीबाहेर त्याच्या अब्बांनी मला थांबवलं. "भाई, हा म्हणतो पुन्हा कधी भरली तर पुण्याला दोन दिवस कॉन्फरन्सला जायचंय. फी भरायची, मुक्काम करायचा, आणि सर्टिफिकेट नाही, नोकरीची हमी पण नाही. मग हे आहे तरी काय?"

सवाल वाजवी होता. आपल्याकडे कॉन्फरन्स या शब्दाने पुष्कळ घरांची फसगत झालेली आहे. मी स्वतः काही वर्षांपूर्वी भाच्यासाठी एका "आंतरराष्ट्रीय परिषदेची" फी भरली होती. हॉटेलच्या हॉलमध्ये उद्घाटन, हारतुरे, फोटो आणि संध्याकाळी रंगीत प्रमाणपत्र. ते प्रमाणपत्र आजपर्यंत एकाही मुलाखतीत कोणी मागितलं नाही. तेव्हा अब्बांचा संशय मला पटला. पण त्यांचा मुलगा ज्या परिषदेचं नाव घेत होता ती वेगळ्या जातीची आहे, आणि तो फरक आपल्या घरांना कळायला हवा.

परिषदेचं नाव इन-क्लोजर. क्लोजर ही संगणकाला काम सांगण्याची एक भाषा आहे, तिचा वापर करणाऱ्या भारतातल्या मंडळींची ही परिषद. आधी ती बंगळूरला भरली होती. फेब्रुवारी २०२० मध्ये १४ आणि १५ तारखेला आणि नंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये १८ आणि १९ तारखेला ती पुण्यात झाली, म्हणजे केडगावच्या बायपासवरून एसटीत बसलं तर तीन तासांच्या आत.

आता ही भाषा कुठल्या खानदानातली, ते बघू. कारण गंमत तिथेच आहे.

१९५८ साली अमेरिकेत जॉन मॅकार्थी या गणितज्ञाने लिस्प नावाची भाषा मांडायला घेतली. आज वापरात असलेल्या सगळ्यात जुन्या संगणकी भाषांत तिची गणना होते. तिची औलाद मोठी : १९७५ ची स्कीम, १९८४ ची कॉमन लिस्प, पुढे रॅकेट, आणि २००७ साली रिच हिकी यांनी जगापुढे आणलेली क्लोजर. या सगळ्यांचा चेहरामोहरा एक, कंसच कंस! दोन आणि तीन यांची बेरीज करायची तर आपण २ + ३ लिहितो, लिस्पच्या घरात (+ २ ३) असं लिहितात. आधी काय करायचं ते, मग कशावर करायचं ते. सुरुवातीला विचित्र वाटतं, आठवड्याभरात नजर बसते. नातेवाईकांचे मेळावे भरतात तसे या घराण्याचेही भरतात. युरोपात २००८ पासून लिस्पचं संमेलन होतं, अमेरिकेत २०१० पासून क्लोजरचं. पुण्यातला मेळावा त्याच घराण्याच्या भारतातल्या शाखेचा.

या भाषांना फंक्शनल म्हणतात. म्हणजे काय? जकातीचं उदाहरण घ्या. वर्षभर टिकलेली रक्कम निसाबपेक्षा कमी असेल तर जकात शून्य. निसाब ओलांडला असेल तर अडीच टक्के. एक लाख टाकले की अडीच हजार बाहेर येतात. (* १००००० ०.०२५) एवढंच. हिशोब आज करा, उद्या करा, नगरला करा नाहीतर दुबईत करा, एक लाखाचं उत्तर अडीच हजारच. आणि हा हिशोब करताना तुमच्या कपाटातल्या पैशांना हात लागत नाही. आकडा आत गेला, उत्तर बाहेर आलं, बाकी जगात काही हललं नाही. यालाच शुद्ध फंक्शन म्हणतात. एक्सेलमध्ये दुकानाचा हिशोब ठेवणारे हे रोज करतात, फक्त त्याला हे नाव आहे हे त्यांना ठाऊक नसतं.

दुसरी गोष्ट, खोडायचं नाही. किराणा दुकानदाराची उधारीची वही आठवा. चांगला दुकानदार जुनी बाकी खोडून त्यावर नवी लिहीत नाही. खाली नवी ओळ घालतो. शंभर बाकी, पन्नास जमा, उरले पन्नास. भांडण झालंच तर वही उघडून दाखवता येते. बहुतेक भाषांत प्रोग्रॅम जुनी किंमत पुसून त्याच जागी नवी टाकत असतो. दोन माणसं एकाच वेळी एकच ओळ खोडायला गेली की काय होईल ते सांगायला नको. फंक्शनल भाषा सहसा खोडूच देत नाहीत, नवी ओळ घाला म्हणतात. हजारो लोक एकाच वेळी एकाच यंत्रणेवर आले तरी गोंधळ कमी होतो, तो या सवयीमुळे.

हे पुस्तकी आहे असं वाटत असेल तर हातातला मोबाइल बघा. व्हॉट्सअॅपचा संदेश पोहोचवणारी यंत्रणा एरलँग या फंक्शनल भाषेवर उभी राहिली. ही लिस्पची लेक नव्हे, वेगळं घर आहे. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९८६ च्या सुमारास टेलिफोन एक्स्चेंजसाठी ती जन्मली. २०१४ मध्ये फेसबुकने १९ अब्ज डॉलरला व्हॉट्सअॅप घ्यायचं ठरवलं तेव्हा वापरणारे सुमारे ४५ कोटी आणि इंजिनिअर मोजून ३२! क्लोजरचं बोलायचं तर ब्राझीलची नूबँक तिच्यावर चालते. तिचे ग्राहक २०२४ मध्ये दहा कोटींवर गेले. (बँक आहे, व्याजाचा मसला वेगळा, इथे फक्त तंत्राची गोष्ट चालली आहे.) याच नूबँकेने २०२० मध्ये क्लोजर सांभाळणारी कंपनी विकत घेतली.

आणि पुणंच का? हेल्पशिफ्ट नावाची कंपनी पुण्यात उभी राहिली आणि तिने क्लोजरवर मोठं काम केलं. तिचे सहसंस्थापक बैशंपायन घोष हे भारतातल्या क्लोजर मंडळींत ओळखीचं नाव. एखाद्या शहरात एका भाषेची पाच-पन्नास माणसं तयार झाली की ती पुढे दुसऱ्या कंपन्यांत जातात, नव्यांना शिकवतात. मेळावा भरवायला हेच लागतं.

परिषदेत दोन दिवस चालतं काय? दिवसा भाषणं. बोलणारे बहुतेक स्वतः काम करणारे : आमची यंत्रणा अशी बांधली, इथे फसलो, असं सुधारलं. विद्वानांच्या परिषदा वेगळ्या. जानेवारी २०१५ मध्ये पॉपल ही प्रोग्रॅमिंग भाषांवरची जगातली फार मानाची संशोधन परिषद मुंबईत भरली होती, तिथे शोधनिबंध वाचले जातात. डेव्हलपर परिषदेत निबंध नाही, अनुभव सांगतात. आणि खरं काम चहाच्या वेळी होतं. ज्या माणसाची कंपनी आपल्या कॉलेजात कधी पाय ठेवणार नाही, तो माणूस हातात कप घेऊन समोर उभा असतो आणि "तू काय बनवलंयस?" विचारतो.

इथेच आपली पोरं मागे पडतात, असं माझं मत आहे. अक्कल कमी नाही, ओळख कमी आहे. पुण्या-मुंबईच्या मुलाचा मामा, शेजारी, सीनियर कोणीतरी आयटीत असतो. आपल्या बऱ्याच घरांत कॉलेजात जाणारा हाच पहिला. अल्-ख्वारिझ्मींच्या नावावरून अल्गोरिदम हा शब्द आला हे आपण जलशात अभिमानाने सांगतो. पण आज अल्गोरिदम लिहिणाऱ्यांच्या खोलीत आपला मुलगा किंवा मुलगी बसलेली असते का, हे कोणी विचारत नाही.

आता साफ बोलायचं तर क्लोजरच्या नोकऱ्या थोड्या आहेत. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या जावा, पायथन विचारतात. म्हणून कोणी जावा सोडून क्लोजरच्या मागे लागू नये. मात्र क्लोजर जावाच्याच यंत्रावर चालते, तिच्या नावात ज आहे तो जावाचा, आणि खुद्द जावाने २०१४ मध्ये फंक्शनल पद्धतीच्या सोयी आपल्यात घेतल्या. म्हणजे ही पद्धत शिकलेला मुलगा जावाच्या मुलाखतीतही कामाला येणाऱ्या गोष्टी बोलतो.

खर्च करण्याआधी काय तपासावं हे मी त्या अब्बांना सांगितलं, तेच इथे लिहितो. मागच्या परिषदांची भाषणं यूट्यूबवर फुकट दिसतात का? इन-क्लोजरची दिसतात. जिथे आत काय चालतं ते बाहेर कोणालाच दिसत नाही आणि जाहिरातीत प्रमाणपत्राचाच फोटो मोठा, तिथे खिसा बंद ठेवा. बोलणारे कोण, ते रोज काय काम करतात, हे नावानिशी दिलेलं असावं. विद्यार्थ्यांना सवलत आहे का, हे ईमेल करून विचारावं, लाज कसली त्यात! जो स्वतः भाषण देतो त्याला बहुतेक ठिकाणी फी नसते, हेही मुलांना सांगा. परिषद दर वर्षी भरेलच असं नाही, तेव्हा तारीख तिच्या वेबसाइटवर बघूनच ठरवा.

मुलींच्या अम्मी-अब्बांसाठी एक वेगळी गोष्ट. क्लोजरब्रिज नावाचा उपक्रम २०१४ पासून जगभर वेगवेगळ्या शहरांत चालत आलाय. महिलांना ही भाषा पहिल्यापासून, मोफत शिकवायची, असा त्याचा रिवाज. आपल्याकडे कॉलेजातली कोणी मॅडम पुढे आली तर नगरमध्येही असा वर्ग भरवता येईल. त्याला लागतात एक खोली, काही लॅपटॉप आणि शिकवायला तयार असलेले दोन-तीन जण.

पुण्यातल्या दोन्ही परिषदा शुक्रवार-शनिवार होत्या, म्हणजे जुम्मा मध्ये येतो. मुलगा म्हणाला, दुपारचं एक भाषण बुडेल. बुडू दे, ते नंतर यूट्यूबवर बघता येतं. जवळची मशीद आधीच शोधून ठेवावी आणि जेवणाच्या सुट्टीची वेळ विचारून घ्यावी.

अब्बांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. आधी मागच्या परिषदेतली दोन भाषणं घरी बसून बघायची आणि त्यांना मराठीत समजावून सांगायची. पहिलं भाषण रविवारी झालं. मुलाने जकातीचंच उदाहरण वापरलं, आणि अम्मीने मध्येच विचारलं, "मग सोन्याचा भाव बदलला तर?" त्यावर पोरगं थोडा वेळ गप्प झालं, मग म्हणालं, भावही आत टाकायचा, रकमेसारखाच. दुसरं भाषण अजून बाकी आहे.